विद्यार्थ्यांची दुसरी फेरी

सायबर सुरक्षा म्हटली की मोठ्या बँका, सरकारी खाती आणि महानगरांतील कंपन्याच बहुधा डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या दुकानात मोबाईलवर पैसे घेतले जातात, उधारीची वही संगणकात शिरलेली असते किंवा मालाची मागणी व्हॉट्सॲपवरून जाते, त्या प्रत्येक दुकानाशी या विषयाचा संबंध येतो. त्या अर्थाने आदिलाबाद जिल्ह्यातील बेला येथील किराणा दुकानदार, कृषी सेवा केंद्राचा चालक, मोबाईल दुरुस्त करणारा कारागीर आणि मी-सेवा केंद्र सांभाळणारा तरुण हे सर्वच या विषयाच्या कक्षेत येतात. या मंडळींकडे संगणकतज्ज्ञ ठेवण्याइतके उत्पन्न नसते आणि चुकीची किंमत सोसण्याइतकी गंगाजळीही नसते. विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी त्यांना विनामूल्य मदत करावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. आणि ती मदत एका फेरीत पुरी होत नाही, विद्यार्थ्याने त्याच दुकानात दुसऱ्यांदा गेलेच पाहिजे, हे त्यातील मुख्य म्हणणे आहे.

या कल्पनेला अमेरिकेत ‘सायबर सुरक्षा क्लिनिक’ असे नाव मिळाले आहे. क्लिनिक म्हणजे येथे दवाखाना नव्हे, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष गरजूंचे काम करून शिकण्याची व्यवस्था. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि विधी महाविद्यालयांच्या कायदा सहाय्य केंद्रांत ही पद्धत भारतातही ओळखीची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्राने २०१८ साली असे क्लिनिक सुरू केले, २०२१ साली अशा क्लिनिकांचा संघ स्थापन झाला आणि २०२३ साली गूगलने त्यांच्या विस्तारासाठी दोन कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास येथील क्लिनिकमध्ये तर विद्यार्थीच पुढाकार घेऊन स्थानिक लहान व्यावसायिकांची विनामूल्य तपासणी करतात. डॉलरांचे आकडे ऐकून हा श्रीमंत देशांचा खेळ आहे असे कोणी समजू नये, कारण या कामाला लागणारी मुख्य सामग्री म्हणजे शिकलेला विद्यार्थी, जबाबदार शिक्षक आणि वेळ. आणि या तिन्ही गोष्टी आदिलाबादच्या आसपास आहेत.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारे काम झालेले आहे. पुण्याच्या क्विक हील फाउंडेशनच्या ‘सायबर शिक्षा फॉर सायबर सुरक्षा’ या उपक्रमात विद्यापीठे आणि महाविद्यालये यांतील विद्यार्थ्यांना ‘सायबर वॉरियर’ म्हणून तयार करून शाळांत आणि लोकवस्तीत जागृतीसाठी पाठवण्यात आले. शिकणाऱ्याने शिकवावे हे त्यातील तत्त्व मोलाचे आहे. मात्र व्याख्यानाला स्वभावतःच एक मर्यादा असते, आणि ती अशी की ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज असते तो दुकानदार त्या वेळी गल्ल्यावर बसलेला असतो. त्याला सभागृहात बोलावून भागत नाही. विद्यार्थ्यालाच गल्ल्यापर्यंत जावे लागते, आणि एकदा जाऊन थांबूनही चालत नाही.

बेल्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हा भाग पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले आणि पैनगंगेच्या अलीकडची बरीच मराठी बोलणारी गावे आंध्र प्रदेशात, व २०१४ पासून तेलंगणात, राहिली. त्यामुळे येथील दुकानदाराच्या घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि मोबाईलच्या पडद्यावर इंग्रजी अशी तीन भाषांची रोजची कसरत चालते. फसवणूक करणाऱ्यांचे काम याच कसरतीत सोपे होते, कारण बँकेकडून आलेला इशारा पुरता उमजत नाही आणि फोनवरून गोड बोलणारा अनोळखी माणूस मात्र समजेल अशा भाषेत बोलतो. म्हणून मदतीला येणारा विद्यार्थी मराठीत समजावणारा हवा. बासर येथे २००८ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात दहावीनंतर ग्रामीण भागातील मुले येतात आणि तेथे संगणक अभियांत्रिकी शिकवली जाते. आदिलाबादची महाविद्यालये वरंगलच्या काकतीय विद्यापीठाच्या परंपरेतली आहेत. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा अमरावती विद्यापीठाच्या आणि चंद्रपूर जिल्हा गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजकार्य करावे अशी अपेक्षा १९६९ पासूनच्या त्या योजनेच्या चौकटीत आहे. त्यातले वीस तास जरी बेल्याच्या बाजारपेठेत खर्च झाले, तरी एका विद्यार्थ्याला दोन दुकाने नीट पाहता येतील, दोन्ही फेऱ्यांसह.

दोन फेऱ्यांचा आग्रह का, हे कापूस पिकवणाऱ्या गावाला कपाशीच्या भाषेतच सांगणे योग्य ठरेल. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते तेव्हा तिने पाडलेले छिद्र बुजून जाते, बोंड वरून हिरवेगार दिसते आणि आत सरकी पोखरली जात असते. परका प्रोग्राम शिरलेला मोबाईलही असाच वरून उत्तम चालतो. देशात २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर बोंडअळीचा प्रश्न मिटला असे पुष्कळांना वाटले, पण गुलाबी अळीने बीटीच्या विषाला दाद न देण्याची शक्ती कमावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापसाचे मोठे नुकसान झाले. संगणकात अँटीव्हायरस, म्हणजे घातक प्रोग्राम ओळखून अडवणारा प्रोग्राम, विकत घेऊन टाकला की झाले, असे मानणारा दुकानदार बियाणाच्या पिशवीवर विसंबून शेताकडे न फिरकणाऱ्या शेतकऱ्यासारखा असतो. कृषी विभाग कामगंध सापळे लावायला सांगतो, परंतु सापळा लावणे हे अर्धेच काम असते. त्यातली गंधाची वडी सुमारे तीन आठवड्यांनी बदलावी लागते, पतंग मोजावे लागतात आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीचा निर्णय घ्यावा लागतो. जो सापळा लावून विसरला त्याने सापळा लावलाच नाही असे धरावे. विद्यार्थ्याची पहिली फेरी म्हणजे सापळा लावणे, आणि दुसरी फेरी म्हणजे पतंग मोजणे.

ही तुलना आणखी पुढे नेता येते. गुलाबी अळीची लागण झालेल्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, त्यांची गाठ बसून राहते आणि त्याला डोमकळी म्हणतात. जाणता शेतकरी ती पाहूनच सावध होतो. मोबाईललाही डोमकळ्या येतात. न मागितलेला ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक आकडा, वारंवार येणे. गावात सर्वांचे नेटवर्क चालू असताना एकाच सिमकार्डाचे बंद पडणे. व्हॉट्सॲपच्या ‘जोडलेली उपकरणे’ या यादीत अनोळखी संगणक दिसणे. ही ती लक्षणे होत. तसेच फरदडीचे आहे. हंगाम संपल्यावर आणखी एक वेचा मिळेल या आशेने उभी ठेवलेली पऱ्हाटी अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा देते, म्हणून ती डिसेंबरअखेर उपटून टाकावी असा सल्ला दिला जातो. दुकानातली फरदड म्हणजे काम सोडून गेलेल्या मुनिमाला अजून माहीत असलेला पासवर्ड, बंद पडलेला पण बँकेत अजून नोंदलेला जुना मोबाईल क्रमांक आणि वायफायवर लागलेला जुना फोन. ती उपटण्यास दुकानदार टाळाटाळ करतो, कारण त्याला त्यात नुकसान दिसत नाही. आणि एकाच्या फरदडीची अळी शेजाऱ्याच्या शेतात जाते, तसा एका व्यापाऱ्याच्या व्हॉट्सॲपचा ताबा गेला की त्याच्या नावाने गावातल्या साऱ्या व्यापाऱ्यांकडे पैशाची मागणी जाऊ लागते.

पहिल्या फेरीत विद्यार्थ्याने करावयाचे काम मोठे नाही. दुकानात कोणकोणती यंत्रे आहेत, पैसे कोणत्या खात्यात येतात आणि कोणाला काय माहीत आहे याची एक पानाची यादी मराठीत करावी. व्हॉट्सॲप आणि ईमेल यांना दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डाच्या जोडीला दुसरी खूण मागणारी व्यवस्था, लावून द्यावी. दुकानाच्या क्यूआर कोडला जोडलेले खाते घरच्या बचतीच्या खात्याहून वेगळे ठेवण्यास सुचवावे. आणि हिशेबाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवण्याची सवय लावावी. ही शेवटची सवय रॅन्समवेअरवरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामवरचा, सर्वांत स्वस्त उपाय आहे. जून २०१७ मध्ये अशाच स्वरूपाच्या एका हल्ल्याने जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले होते, मग बाजारपेठेतला एकुलता संगणक त्यापुढे किती टिकणार? पीएम किसान, वाहतूक दंड किंवा लग्नपत्रिका अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘एपीके’ फायली, ज्या उघडल्यास मोबाईलमध्ये परका प्रोग्राम बसतो, त्या ओळखायला शिकवावे. क्यूआरच्या कागदावर रात्री दुसराच कागद चिकटवला जाऊ शकतो, म्हणून रोज सकाळी दुकान उघडताना एक रुपया पाठवून नाव तपासावे. आणि पैसे येताना पिन लागत नाही, पिन फक्त पैसे जाताना लागतो, हे वाक्य गल्ल्याजवळ ठळक अक्षरांत लावावे. श्रोत्यांपैकी कोणी आत्ताच रेडिओ लावला असेल तर त्यांच्यासाठी पुन्हा: पैसे येताना पिन लागत नाही.

एवढे करून विद्यार्थी गेला आणि परत आला नाही, तर काय होते याचा विचार महाविद्यालयांनी करावा. दुहेरी पडताळणीचा आकडा दुकानदार विसरतो आणि ती व्यवस्था काढून टाकतो. कपाटातली डिस्क सोयीसाठी पुन्हा संगणकाला कायमची जोडली जाते. नवा नोकर येतो आणि त्याला जुनाच पासवर्ड सांगितला जातो. यात दुकानदाराचा आळस नाही, हंगामाची घाई आहे. म्हणूनच एका दिवसात शंभर दुकानांना भेट दिल्याचा अहवाल लिहिण्यापेक्षा दहा दुकानांना दोनदा भेट दिल्याचा अहवाल अधिक मोलाचा मानला जावा, आणि प्राध्यापकांनी गुण देतानाही पहिल्या फेरीला कमी आणि दुसऱ्या फेरीला जास्त द्यावेत. छायाचित्र काढून परतणाऱ्या तुकड्या गावांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. विद्यार्थ्यांनी त्यात आणखी भर घालू नये.

विद्यार्थ्यावर काही कठोर बंधने मात्र असली पाहिजेत. त्याने पिन किंवा पासवर्ड पाहू नये, लिहून घेऊ नये, आणि मोबाईलवर बोट नेहमी मालकाचेच चालावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात शिरणे हा दोष ठरतो, म्हणून तपासणीपूर्वी लेखी संमती घ्यावी. दुकानदारांनीही एक काळजी घ्यावी, ती अशी की ‘कॉलेजकडून आलो आहे’ असे म्हणणारा प्रत्येक तरुण विद्यार्थी असेलच असे नाही. त्याच्याजवळ प्राचार्यांचे पत्र असावे आणि त्या पत्रावरचा नव्हे, तर स्वतः मिळवलेला महाविद्यालयाचा क्रमांक फिरवून खात्री करावी. चांगल्या विद्यार्थ्याला याचा राग येणार नाही.

फसवणूक होऊन गेली असेल तर ते काम विद्यार्थ्याचे नाही. अशा वेळी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असताना तो वाटेत गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते; बँकेला कळवावे, आणि पुरावा नाहीसा होऊ नये म्हणून मोबाईल पुसून कोरा करू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम असा की दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा व्यवहाराची खबर कामकाजाच्या तीन दिवसांत दिल्यास नुकसान ग्राहकावर पडत नाही. परंतु ग्राहकाने स्वतःच पिन सांगितला असेल तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. फसलेला माणूस लाजेने दोन दिवस गप्प राहतो, आणि त्या दोन दिवसांची किंमत मोठी असते. लाजण्याचे काही कारण नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये असेच परस्पर गेले होते.

खतविक्रीच्या ई-पॉस यंत्रावर आणि बँक मित्राच्या यंत्रावर उमटणाऱ्या बोटांच्या ठशांचा प्रश्न स्वतंत्र आणि मोठा आहे. आधारचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय एम-आधार ॲपमध्ये आहे, परंतु कुलूप लावल्यावर खत घेताना ते तात्पुरते उघडावे लागते आणि शेतकऱ्याला रांगेत उभे असताना हे कसे जमावे, याचा उलगडा उरलेल्या वेळात होणार नाही. तूर्त वेळापत्रकापुरते सांगता येईल. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत बेल्यात कापसाचा पैसा फिरतो, म्हणून पहिली फेरी पोळ्याच्या सुमारास, बाजार थंड असताना, व्हावी. आणि दुसरी फेरी दिवाळीनंतर, पहिला वेचा विकला जाऊन खात्यात पैसे पडू लागले असताना, त्याच विद्यार्थ्याने, त्याच दुकानात, तीच एक पानाची यादी हातात घेऊन करावी.