घरची निवांत पंगत

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

घरीं चार माणसांना जेवावयास बोलवावें आणि तो समारंभ निवांतपणें कसा पार पाडावा, या विषयावर मी आज बोलणार आहें. खरें म्हणजे अशा विषयासाठीं एखाद्या सुगरण गृहिणीला पाचारण करावयास हवें होतें. मी पडलों जुना मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेंतल्या मुलांना हिशेब शिकविण्यांत गेला. परंतु सुगरणीचा जीव कोठें गुदमरतो, हें बाहेरच्या खोलींत बसून तृप्तीची ढेकर देणाऱ्यानेंच आधीं ओळखावयास पाहिजे. मला तें फार उशिरां कळलें. तें कसें कळलें, हीच आजची हकीकत आहे.

२०१९ सालीं मी सेवानिवृत्त झालों आणि त्या निमित्तानें चौदा माणसांना घरीं जेवावयास बोलाविलें. बेत पुरणपोळीचा, आणि पोळी तव्यावरून थेट पानांत पडली पाहिजे, हा माझा हट्ट. माणशीं तीन म्हटल्या तरी बेचाळीस पोळ्या. लाटण्यापासून उतरविण्यापर्यंत एका पोळीला तीन मिनिटें. म्हणजे एकशें सव्वीस मिनिटें, दोन तासांहून अधिक! चौथीच्या मुलाकडून जो हिशेब मीं सहज करवून घेतला असता, तो स्वतः मात्र केला नव्हता. यजमान या नात्यानें मी पंगतींतून हिंडत होतों आणि रिवाजाप्रमाणें म्हणत होतों, "मंडळी, सावकाश होऊं द्या!" स्वयंपाकघरांत मात्र कांहींच सावकाश होत नव्हतें.

त्या पाहुण्यांत माझ्या पत्नीची शाळेंतली एक मैत्रीण होती. परगांवाहून मुद्दाम आलेली. जातांना ती स्वयंपाकघराच्या दारांत क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "तुझे हात गुंतलेत. पुन्हां येईन, तेव्हां निवांत बोलूं." रात्रीं अकरा वाजतां माझी पत्नी एकटी जेवावयास बसली. पुढल्याच वर्षीं त्या मैत्रिणीच्या निधनाची वार्ता आली. पत्नीनें मला कधीं बोल लाविला नाहीं. एकदांच, भांडीं आवरतां आवरतां, ती म्हणाली, "अहो, तिला पोळी आवडली एवढं कळलं मला. तिला काय सांगायचं होतं, तें राहूनच गेलं."

या वाक्यानें मला वर्गांतली एक जुनी गोष्ट आठवली. वनपर्वांतील थाळीची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. सूर्यानें युधिष्ठिराला दिलेल्या त्या थाळींतलें अन्न द्रौपदी जेवेपर्यंत सरत नसे. ती जेवली कीं त्या दिवसापुरतें संपे. आणि नेमके तेव्हांच दुर्वास ऋषि शिष्यांसह येऊन ठेपले. ही कथा मी दरवर्षीं रंगवून सांगत असें. एके वर्षीं एका मुलीनें उठून विचारलें, "गुरुजी, म्हणजे द्रौपदी रोज सगळ्यांच्या मागून जेवायची?" मीं तिला खालीं बसावयास सांगितलें. प्रश्न अभ्यासक्रमांतला नव्हता. पण तो माझ्या घरांतला होता, हें मला त्या वेळीं उमजलें नाहीं.

तर, श्रोतेहो, मेजवानी निवांत झाली कीं नाहीं याची माझ्या मतें एकच कसोटी आहे. ज्यानें स्वयंपाक केला, तें माणूस पाहुण्यांबरोबर पानावर बसलें काय? बसलें असेल तर पदार्थ दोन असोत कीं दहा, पंगत साधली. बसलें नसेल, तर पक्वान्न कितीहि उत्तम होवो, आपण एका माणसाला पाहुण्यांपासून तोडलें. कोणी म्हणेल, अतिथि हा देव. त्याच्यासाठीं कष्ट नकोत काय? परंतु अतिथि म्हणजे ज्याच्या येण्याची तिथि ठाऊक नाहीं तो. त्याच्यासाठीं ऐन वेळीं धांवपळ करणें हा धर्मच आहे. ज्याला आपण दिवस आणि वेळ सांगून बोलावितों, तो आमंत्रित होय. त्याच्या बाबतींत धांवपळ झाली, तर ती नियोजनाची चूक समजावी.

ही कसोटी हातीं धरून आम्हीं २०२२ सालीं पुन्हां एकदां माणसें बोलाविलीं. पहिला प्रश्न संख्येचा. मागें चौदा होतीं, या वेळीं आम्हां दोघांसह आठ. व्हॅरो नांवाच्या रोमन पंडितानें म्हटलें होतें कीं, पंगतींतली माणसें तीन कृपादेवतांहून कमी नसावींत आणि नऊ कलादेवतांहून अधिक नसावींत. त्याचें मर्म अनुभवास आलें. आठ माणसांत एकच गोष्ट सर्वांना ऐकूं जाते. चौदा झालीं कीं पंगतीच्या तीन पंगती होतात.

दुसरा प्रश्न दिवसाचा. बोलावण्यापूर्वीं पंचांग पाहावें. संकष्टीला उपास करणाऱ्याचें जेवण चंद्रोदयानंतर. त्या दिवशीं आठाचें आमंत्रण म्हणजे पाहुण्याची परीक्षाच. आमंत्रण देतांनाच मोकळेपणानें विचारावें: कोणाला मधुमेह आहे, कोणाला शेंगदाणे सोसत नाहींत, कोणाचा कांदा-लसूण वर्ज्य आहे. हें विचारण्यांत संकोच कसला? पानांत पडलेला पदार्थ पाहुण्यानें ओशाळून बाजूला सारावा, यांतच खरा संकोच आहे. आणि "आम्ही काय आणूं?" असें कोणीं विचारलें, तर "छे छे, तुम्ही फक्त या" हें ठराविक उत्तर देऊं नये. आम्हीं एकांना लोणचें आणावयास सांगितलें, दुसऱ्यांना विडे. दोघांनाहि बरें वाटलें. रित्या हातानें आल्याचें अवघडलेपण राहिलें नाहीं.

आतां बेताविषयीं. पाककृतींचा आपल्याकडे तुटवडा नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र' १९१० सालीं निघालें, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालीं आली. पदार्थ कसा करावा हें पुस्तकांत मिळतें. तो केव्हां करावा, हें मात्र ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. आम्हीं नियम केला कीं, पाहुणे बसल्यावर चुलीशीं उभें राहावें लागेल असा एकहि पदार्थ करावयाचा नाहीं. झालें! पुऱ्या गेल्या, भजीं गेलीं, पुरणपोळीहि गेली. राहिलीं तीं अशीं: अळूची पातळ भाजी, तोंडल्यांचा मसालेभात, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा, श्रीखंड आणि पोळ्या.

श्रीखंडाचें काम आदल्या रात्रींचें. दोन लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्याचा साधारण पाऊण किलो चक्का उतरतो; त्यांत सहाशें ग्रॅम साखर घातली कीं आठ जणांना पुरतें. उन्हाळ्यांत दहीं बाहेर टांगलें तर आंबट होतें, म्हणून चाळणींत घालून फ्रीजमध्यें ठेवावें. अळूची भाजी सकाळीं करून फ्रीजमध्यें ठेवावी आणि सायंकाळीं चांगली उकळून घ्यावी. मुरल्यानें ती अधिकच चवदार लागते. काकडी चोचवून ठेवावी, पण मीठ मात्र पानें वाढतांना घालावें. मिठानें पाणी सुटतें आणि कोशिंबिरीची कढी होते. भाताला अर्धा किलो तांदूळ पुरला. उरलेला भात दोन तासांच्या आंत फ्रीजमध्यें गेला पाहिजे, हेंहि लक्षांत ठेवावें; तो रात्रभर बाहेर ठेवून सकाळीं फोडणीस टाकणें प्रकृतीला धोक्याचें आहे.

अडले तें पोळ्यांपाशीं. मीं सुचविलें कीं, पोळी-भाजी केंद्रावरून घडीच्या पोळ्या आणाव्या. पत्नी म्हणाली, "पाहुण्यांना विकतची पोळी? लोक काय म्हणतील?" मीं म्हटलें, "लोक पोळीबद्दल काय म्हणतील तें मला ठाऊक नाहीं. तुझ्याशीं काय बोलतील, तें तुला ऐकायला मिळावं." ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पोळ्यांचा डबा तिनेंच काढून माझ्या हातीं दिला.

नंतर मीं माझ्या मूळच्या धंद्यास शोभेल असें एक वेळापत्रक केलें आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटविलें. आठाला पानें, येथून मागें मागें मोजीत गेलों. साडेसहाला भाताची फोडणी, साडेपांचला मठ्ठा, तीन वाजतां भाज्या चिरणें आणि ताटें-वाट्या पुसणें. प्रत्येक कामापुढें नांव लिहिलें. पोळ्या आणणें, ताटें मांडणें, पाणी भरणें आणि भाताकडे पाहणें, हीं कामें माझ्या नांवावर. आणि सव्वासात ते पावणेआठ या अर्ध्या तासापुढें ठळक अक्षरांत लिहिलें: मधली सुट्टी. तें वाचून पत्नी हंसली. पण त्या अर्ध्या तासांत तिनें तोंड धुतलें, लुगडें बदललें आणि खुर्चीवर बसून पाहुण्यांची वाट पाहिली. आमच्या संसारांत हा योग मीं प्रथमच पाहिला.

वाढण्याची रीतहि बदलली. पहिलें वाढप झालें कीं सर्व भांडीं मध्यें ठेवलीं; ज्याला जें हवें तें त्यानें घ्यावें. आग्रहाचा मोह मीं आवरला. 'माझ्या गळ्याची शपथ' म्हणून वाढलेलें श्रीखंड पुष्कळदां पोटांत जाण्याऐवजीं ताटांतच राहतें. जेवणानंतर भांडीं मोरींत भिजत पडलीं, आणि पाहुणे जाईपर्यंत तिकडे कोणीं फिरकलें नाहीं. तीं दुसरें दिवशीं मीं घांसलीं.

सर्व यथासांग झालें, असें मात्र समजूं नका. भाताचें पातेलें मंद आंचेवर ठेवून मी बाहेर आलों आणि गप्पांत विसरलों. वास आला तेव्हां धांवलों. भात खालीं लागला होता. माझें तोंड उतरलें. तीन वर्षांपूर्वीं अशा प्रसंगीं घरांत हलकल्लोळ झाला असता. पत्नी त्या वेळीं आपल्या त्याच मैत्रिणीची, शाळेच्या सहलींतली एक गोष्ट सांगत होती, आणि सगळीं माणसें घांस हातांत धरून ऐकत होतीं. तिनें मान वळवून एवढेंच म्हटलें, "अहो, वरचा वरचा वाढा," आणि गोष्ट पुढें चालू केली.

मीं वरचा वरचा भात वाढला. तिला ऊठ म्हणावयाचें धैर्य मला झालें नाहीं, आणि इच्छाहि नव्हती. रिवाजाचें तें वाक्य मीं त्या दिवशीं पुन्हां म्हटलें, पण या वेळीं तिच्या पानाकडे पाहून म्हटलें, "सावकाश होऊं द्या."