सतरंजी, फळा आणि चारची वेळ

(युवा कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘मोहल्ल्यातले वर्ग आणि कार्यशाळा’. काल रात्री जेवताना तुमच्यापैकी दोघा-तिघांनी विचारलं, की आम्ही परत गेल्यावर सुरुवात कुठून करू? तेव्हा प्रबोधनावर व्याख्यान देण्यापेक्षा मी त्याबद्दलच बोलते. मिरजेत गेली काही वर्षं आम्ही रविवारचा वर्ग चालवतो. पैसा कमी, माणसं बेताची. पण वर्ग बंद पडलेला नाही, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे.

सुरुवात कागदांपासून करा. चळवळीतल्या जुन्या लोकांना हे फार आवडत नाही. त्यांचं म्हणणं, आधी विचार द्या. विचार द्यायचाच आहे. पण ज्या आईच्या पोटात मुलीचा फॉर्म नाकारला जाईल म्हणून गोळा आलाय, तिला संविधानाची उद्देशिका वाचून दाखवलीत तर ती मान डोलावेल आणि पुढच्या रविवारी येणार नाही.

आपल्या घरातली नावं बघा. जन्मदाखल्यावर ‘फातेमा’, आधारवर ‘फातिमा’, शाळेत ‘फातमा’. बापाचं नाव एका कागदावर ‘महंमद’, दुसऱ्यावर ‘मोहम्मद’, तिसऱ्यावर नुसतं ‘मो.’ आणि टिंब. आईचं तर विचारूच नका. माहेरी ‘बी’, सासरी ‘बेगम’, रेशनकार्डावर दोन्ही गायब. ‘शेख’ कुणी आडनाव म्हणून शेवटी लिहितं, कुणी आधी, आणि इंग्रजीत त्याची स्पेलिंगं किती होतात हे लिहिणाऱ्या कारकुनावर अवलंबून. यात कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं. उच्चार एक, लिहिणारे अनेक, आणि सांगणारी दादी निरक्षर. पण शिष्यवृत्तीच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी, मतदारयादीची पडताळणी होते तेव्हा हाच काना-मात्रेचा फरक माणसाला दारात उभं करतो.

आमच्या पहिल्या कार्यशाळेचं नाव होतं ‘आपलं नाव, आपला कागद’. प्रत्येकाने घरातले सगळे कागद पिशवीत घालून आणायचे, सतरंजीवर ओळीने मांडायचे आणि कोणत्या कागदावर नाव कसं आहे ते एका वहीत उतरवायचं. बस्स, एवढंच. दोन तास लागले. नातवंडं वाचत होती, आज्या सांगत होत्या. एका आजीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की सरकारदरबारी तिचं वय तिच्या धाकट्या बहिणीपेक्षा कमी आहे. हसून हसून पुरेवाट झाली. मग मात्र ती गप्प झाली, कारण निराधार पेन्शनचं काम तिथंच अडलं होतं.

वर्ग घेणाऱ्याला काही गोष्टी तोंडपाठ हव्यात. जन्मनोंदणी २१ दिवसांत करायची असते. नोंदीत बाळाचं नाव घातलेलं नसेल तर ते पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा धरला जातो, म्हणजे ‘आधार आहे ना, बघू नंतर’ हे आता चालणार नाही. शाळेच्या रजिस्टरातली चूक मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला, की तेच काम राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि चकरा यांत जातं. मतदार नोंदणीला फॉर्म ६, दुरुस्तीला फॉर्म ८. आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. तुमच्यातले किती जण सतरा-अठराचे आहेत? हात वर करा. यांतल्या किती जणांनी फॉर्म भरलाय? ... बघा.

या वर्गाला बायका येतात का, असं मला नेहमी विचारतात. येतात, पण वेळ त्यांची ठेवली तर. सकाळी दहाला ठेवलेला कार्यक्रम हा पुरुषांचा कार्यक्रम असतो, पत्रिकेवर काहीही छापा. जोहरची नमाज, जेवणं, भांडी आटोपून, असरच्या आधी दीड-दोन तास बाईला मिळतात. ऋतूप्रमाणे असरची वेळ सरकते, म्हणून आम्ही साधारण चारला आवरतं घेतो. रमजानमध्ये वर्ग बंद ठेवत नाही, फक्त तासाभराचा करतो. आणि लहान मुलांना घरी ठेवून या असं कधीही सांगू नका. त्यांच्यासाठी कोपऱ्यात खडू आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवा.

सगळ्या वयाचे लोक एकाच खोलीत बसवायचे का, यावर आमच्यात बराच वाद झाला. तरुण म्हणाले, म्हाताऱ्यांसमोर मुली बोलत नाहीत. खरं आहे ते. पण मी वेगळे वर्ग करायला विरोध केला, आजही करते. दहावीनंतर मुलीचं काय करायचं हा निर्णय ती घेत नाही. तो अब्बा, चाचा, कधी कधी नानी घेते. तिला एकटीला करिअर मार्गदर्शन देऊन काय उपयोग? ते नानीसमोर द्या.

आमच्या गल्लीतली एक मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालाय. फॉर्म भरला सायबर कॅफेवाल्याने. पसंतीक्रमात पहिल्या नंबरवर त्याने टाकलं दूरचं, नावाजलेलं कॉलेज, मुलगी हुशार म्हणून. नियम असा, की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. नेमकं तेच लागलं. दोन बस बदलून जायचं, यायला संध्याकाळ. घरात ठरलं, शिक्षण पुरे.

ते वर्गात आलं तेव्हा प्रवेश घ्यायला दोन दिवस उरले होते. भाषण कुणी दिलं नाही. एक रिक्षावाले चाचा, जे एरवी मागे बसून पेंगतात, त्यांनी विचारलं, “बस कितीची?” मग मुलीने सगळ्यांसमोर वेळ सांगितली. त्याच भागातल्या आणखी तीन मुली त्याच बाजूला जातात हे एका आशाताईंनी सांगितलं. त्यांतली एक आपल्या समाजाची, दोन शेजारच्या मराठा गल्लीतल्या. चौघींनी मिळून जायचं ठरलं. अब्बा तरीही तयार नव्हते. नानी म्हणाली, “मैं छोडके आती पहले आठ दिन.” नानीला गुडघेदुखी. तीन दिवस गेली, नंतर गरज राहिली नाही. ती मुलगी आता बारावीला आहे. नानी वेगळ्या वर्गात असती तर हे घडलं नसतं, म्हणून मी तो वाद सोडत नाही.

भाषेवर दोन शब्द. घरात आपण दखनी बोलतो, मराठीत भांडतो, उर्दू वाचता येतं तर अभिमानाने सांगतो. वर्ग याच खिचडीत चालवा. फॉर्म मराठीत आहेत म्हणून मराठी वाचन नेटकं हवं. पण कुणी दखनीत प्रश्न विचारला तर ‘शुद्ध बोल’ म्हणू नका. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. मराठी आपलीही आहे हे तेव्हाच मोठ्याने सांगून झालंय. आपण फक्त वापरायची.

वर्ग हे काम नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये घरी रात्रीची शाळा काढली, दिवसभर राबणाऱ्यांसाठी. वेळ कुणाची, हा प्रश्न त्यांनीही सोडवलेला दिसतो. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, तेव्हा ते नाव त्याच परंपरेतून घेतलं. आणि भिवंडीचं उदाहरण मला कायम आठवतं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं ते गाव. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तिथं मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं नियमित एकत्र बसत, गटारापासून भांडणापर्यंत बोलत. डिसेंबर १९९२ नंतर शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ओळख आधी झालेली होती. दंगलीच्या दिवशी ती करता येत नाही. म्हणून आमच्या कागदांच्या कार्यशाळेला आम्ही शेजारच्या गल्लीला बोलावतो. नावांचे घोळ त्यांच्याकडेही कमी नाहीत.

मिरजेत असल्याचा एक फायदा. सतारमेकर गल्लीत भोपळा तासताना बसून शिकलेली पोरं आहेत, त्यांना कुणी ‘कार्यशाळा’ म्हणून बोलावलं नव्हतं. मीरासाहेबांच्या उरुसात गाणं ऐकायला गावातला कोण येत नाही? वर्षातून एकदा आम्ही वर्ग गुंडाळून सगळ्यांना एका कारखान्यात नेतो. मुलं तार लावायला शिकतात, म्हातारे चहा पितात. त्या रविवारी फॉर्म नाही.

हिशेबाचा कागद भिंतीवर लावा, दर महिन्याला. खडू किती, चहा किती, देणगी कुणाची. संशय गल्लीत लवकर पसरतो.

दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली, ‘मशिदीत जागा मागावी का?’ मागा. काही जमाती आनंदाने देतात. पण बायका आणि शेजारच्या समाजाचे लोक तिथं मोकळेपणाने येऊ शकतील का, हे आधी विचारून घ्या. नाही म्हणाले तर वाद घालू नका, अंगणवाडीची खोली बघा, रविवारी ती रिकामी असते. दुसरी चिठ्ठी, ‘पहिल्या दिवशी तीनच लोक आले तर?’ तिघांचे कागद मांडून वहीत उतरवा. चारला सतरंजी गुंडाळा. पुढच्या रविवारी त्याच वेळी परत अंथरा.