निवळलेले पाणी



मागे एका खेड्यातले गुरुजी मला विचारत होते, "शेवग्याच्या बियांची पूड टाकली की पाण्यातला विषारी धातू जातो म्हणतात. खरं का हो?"

प्रश्न मोलाचा आहे. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले की माझी आजी रांजणाच्या आत निवळीची बी उगाळायची. काही वेळाने गाळ खाली बसे. शेवग्याची बीही तेच करते. तिच्यातील प्रथिनांवर धन विद्युतभार असतो, मातीच्या कणांवर ऋण. दोन्ही एकमेकांना धरतात, जड होतात आणि तळाशी जातात. वरचे पाणी उकळून प्यावे, कारण रोगजंतू सगळेच काही खाली बसत नाहीत.

पण विरघळलेल्या विषाचे काय? बंगालमध्ये तळ्यांच्या पाण्याने पटकी, हगवण होई, म्हणून गावोगाव हातपंप बसवले. पाणी कसे, काचेसारखे! १९८३ साली पश्चिम बंगालमधल्या रोग्यांच्या कातडीवरचे डाग पाहून डॉक्टरांनी छडा लावला. त्या नितळ पाण्यात सोमल होता. त्याला ना रंग, ना वास, ना चव. लिटरमागे एक मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, एवढीच त्याची मर्यादा. उकळूनही तो जात नाही; पाण्याची वाफ होते, सोमल भांड्यातच राहतो.

मग वनस्पतींचा इथे उपयोगच नाही का? आहे. केळीची साल, भाताचे तूस यांच्यावर ऋण भाराच्या जागा असतात. धोतराला कुसळे चिकटावीत तसे शिशाचे धनभारित कण तिथे चिकटतात. सोमलाचे कण मात्र बहुधा ऋणभारित किंवा भाररहित असतात. म्हणजे शिसे धरणारी साल सोमलाला सोडून देऊ शकते. जलपर्णीच्या वाळलेल्या मुळांनी सोमल धरल्याचे प्रयोग झाले आहेत. पण प्रयोगशाळेत मोजमाप असते. घरी पूड धरायची थांबली, हे कुणाला कळणार? शिवाय वापरलेली पूड स्वतःच विषारी. ती उकिरड्यावर टाकली की विष पुन्हा मातीत.

म्हणून गुरुजींना मी म्हटले, "आधी पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. धातू निघाला, तर पिण्यासाठी दुसरी विहीर बघा."

निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. बी उगाळावी लागते. आज त्याच्या जोडीला पाणी तपासावेही लागते. शिक्षकबंधूंनो, हे काम शाळेच्या विहिरीपासूनच सुरू करा.