कोपऱ्याला गोलाई द्या

श्रोतेहो, कागदावर माझा विषय ‘धातूंचे ठिसूळ तुटणे’ असा लिहिला आहे आणि वेळ आहे दहा मिनिटं. त्यातली बरीचशी मी एकाच गोष्टीवर घालवणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. ती गोष्ट अशी: कातकाम करताना आतला कोपरा काटकोनात सोडू नका. त्याला गोलाई द्या. लेथवाल्यांच्या भाषेत, रेडियस मारा.

मी राहतो बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात. पुण्या-मुंबईकडून आलेल्या पोरांना महादेवपुरा म्हटलं की आयटीची काचेची कार्यालयं, रिंग रोडवरची गाड्यांची रांग आणि मार्च २०२३ मध्ये सुरू झालेली कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो, एवढंच आठवतं. पण त्या मेट्रोतून उतरून गरुडाचारपाळ्याच्या, हूडीच्या आतल्या गल्ल्यांत शिरा. पत्र्याच्या शेडमध्ये अजून लेथ फिरतात, कुठे हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड निघतात, कुठे गिअरचे शाफ्ट. काम करणाऱ्यांत कानडी, तमिळ, ओडिया असतात, तसे बेळगाव-निपाणीकडचे आपलेही असतात. काही मोडलं की ही मंडळी तुकडे पिशवीत घालून माझ्याकडे येतात आणि विचारतात, “सर, मटेरियल खराब होतं ना?” सगळा दोष मटेरियलचा! मी भिंग लावतो आणि बहुतेक वेळा आधी कोपराच बघतो.

धातू दोन तऱ्हांनी तुटतो, हे कारखान्यात वावरलेल्याला ठाऊक आहे. एका तऱ्हेत तो आधी ताणतो, मधे बारीक होतो, वाकतो, म्हणजे सूचना देऊन जातो. दुसऱ्या तऱ्हेत आवाज होतो आणि हातात दोन तुकडे येतात. बिडाचा तवा ओट्यावरून पडला की एका तव्याचे दोन होतात. पण बिडाचा स्वभाव सगळ्यांना माहीत असतो, आपण त्याला जपून वागवतो. भय आहे ते चांगल्या, रोज वाकणाऱ्या पोलादाचं. ते एखाद्या दिवशी बिडासारखं वागतं तेव्हा कोणी तयारीत नसतो.

आता चिक्की घ्या. गुळाचा पाक कढईतून काढला की ओढावा तसा ओढला जातो, थाळ्यात ओतून वर लाटणं फिरवलं तरी तक्रार करत नाही. तोच पाक गार झाला की वाकायचं नावच काढत नाही, कट्‌दिशी तुटतो. गूळ तोच, दाणे तेच, फरक फक्त तापमानाचा. आणि चिक्की करणारा काय करतो? पाक कोमट आहे तोवर सुरीने आडव्या-उभ्या रेघा मारून ठेवतो. रेघ काही आरपार नसते, वरवरचीच असते. पण गार झाल्यावर थाळा उपडा करून नुसता अंगठा दाबला की वडी बरोबर त्या रेघेवर मोडते. रेघ मारायला विसरलात, तर बत्ता आणा आणि पडतील तसे तुकडे गोड मानून घ्या.

श्रोतेहो, शाफ्टवरचा काटकोनी कोपरा म्हणजे चिक्कीवरची ती रेघ. तुम्ही यंत्राला आगाऊ सांगून ठेवलेलं असतं, की मोडायचं झालं तर इथे मोड.

तापमानाचं म्हणाल, तर पोलादाचंही चिक्कीसारखंच आहे. एका विशिष्ट तापमानाच्या वर ते ओढलं जातं, त्याखाली गेलं की तडकतं. हे तापमान प्रत्येक पोलादाचं वेगळं. एखाद्याचं शून्याखाली चाळीस अंश, तर एखाद्या जाड, हलक्या प्रतीच्या पोलादाचं चक्क शून्याच्या वर दहा-पंधरा अंश. तेव्हा ‘आमच्या बेंगळुरूत कुठली आलीय थंडी’ म्हणून हात झटकू नका. वर घण बसला किंवा झटक्याने भार आला, की हेच तापमान आणखी वर सरकतं. तांबं, ॲल्युमिनियम, तीनशे चार नंबरचं स्टेनलेस यांना हा विकार नाही. द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीचं आतलं भांडं स्टेनलेसचं असतं ते त्यासाठीच.

एका बाबतीत मात्र चिक्की प्रामाणिक आहे. गार झाली की हाताला कळते. पोलाद कळू देत नाही. थंडीत त्याची ताकद कमी होत नाही, उलट थोडी वाढते. ओढून बघायच्या चाचणीचा दाखला उत्तम येतो, आणि तो दाखला फाइलला लावून आपण निश्चिंत होतो. म्हणून शार्पी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची चाचणी लागते. दहा मिलिमीटर चौरस आणि पंचावन्न मिलिमीटर लांबीचा तुकडा, मधोमध दोन मिलिमीटर खोल खाच, आणि वरून झुलत येणारा हातोडा. तुकडा तोडताना हातोड्याची किती ऊर्जा खर्च झाली ते मोजायचं. लक्षात घ्या, पोलादाची परीक्षा घ्यायची तर शार्पीच्या चाचणीतही आधी खाच पाडावी लागते. आपल्या आयएस २०६२ या मानकात ई२५० पोलादाचे ए, बीआर, बी-शून्य आणि सी असे प्रकार आहेत. बी-शून्यला शून्य अंशाला सत्तावीस ज्यूल ऊर्जा सोसून दाखवावी लागते, सी प्रकाराला उणे वीसला. ए प्रकाराला ही परीक्षाच नाही. आणि ऑर्डर देताना आपण काय लिहितो? ‘ई२५० प्लेट, अमुक टन.’ पुढचं अक्षर लिहायला शाई लागते का हो?

असो, कोपऱ्याकडे येऊ. इंग्लिस नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९१३ साली एक हिशेब मांडला. खाचेची खोली भागिले खाचेच्या टोकाची त्रिज्या. त्याचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, एक मिळवा. टोकाशी ताण साधारण तितक्या पटीने वाढतो. खाच पाच मिलिमीटर खोल आणि टोकाची त्रिज्या एक मिलिमीटरचा विसावा भाग धरली, तर ताण एकवीस पट. खोली तीच ठेवून त्रिज्या पाच मिलिमीटर केली, तर तीन पट. पुन्हा सांगतो, रेडिओवर आकडे निसटतात: एकवीस पट आणि तीन पट. धातू तोच, खोली तीच, यंत्रही तेच. बदल फक्त गोलाईचा. पुढे १९२० च्या सुमारास ग्रिफिथ नावाच्या संशोधकाने काचेवर प्रयोग करून चीर आपणहून पुढे कधी धावते याचा ऊर्जेचा हिशेब दिला. तो सुंदर आहे, पण आज वेळ नाही.

कोपऱ्याच्या हिशेबाची किंमत जगाला कळली ती दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेने लिबर्टी जातीची २,७१० मालवाहू जहाजं झपाट्याने बांधली, आणि वेळ वाचवायला रिव्हेटऐवजी वेल्डिंग वापरलं. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री पोर्टलंड इथे ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवं कोरं तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेलं होतं. तेही याच वेल्डिंग पद्धतीचं. वादळ नाही, पाणसुरुंग नाही, पाणी शांत. हवा मात्र गोठवणारी. प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध फाटलं, बुडाचे पत्रे तेवढे जोडलेले राहिले. लिबर्टी जहाजांतही चिरांची प्रकरणं पुढे येत गेली आणि काहींचे दोन तुकडे झाले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर बाईंनी तपासून दाखवलं, की ते पोलाद थंडीत ठिसूळ होत होतं. आणि चिरा निघाल्या कुठून? पुष्कळ चिरा डेकवरच्या माल उतरवायच्या चौकोनी दारांच्या कोपऱ्यांतून! काटकोनी कोपऱ्यांतून! पुढच्या दुरुस्तीत कोपरे गोल केले. मी तुम्हाला वेगळं काय सांगतोय?

वेल्डिंगला दोष द्यायचा नाही. पण रिव्हेटच्या जहाजात चीर एका पत्र्याच्या कडेला जाऊन थांबे. सुट्या वड्या डब्यात रचलेल्या असल्या की एक मोडली तरी शेजारची शाबूत राहते, तसं. वेल्डिंग केलेलं जहाज म्हणजे थाळ्यातली अखंड चिक्की. एकदा चीर निघाली की या कडेपासून त्या कडेपर्यंत.

आपल्याकडची अखंड चिक्की म्हणजे रेल्वेचे रूळ. थंडीतल्या पहाटे ‘रुळाला तडा, लोकल उशिराने’ ही बातमी मुंबईकर दर वर्षी वाचतो आणि रेल्वेला चार शब्द ऐकवतो. आमच्या कृष्णराजपुरम स्थानकातून चेन्नईकडे जाणारे रूळही तसेच लांबलचक जोडलेले आहेत. रूळ रात्री गार झाला की आखडू पाहतो, पण स्लीपरला जखडलेला असल्यामुळे आखडू शकत नाही. मीटरला साठ किलो वजनाच्या रुळात एका अंशाला सुमारे पावणेदोन ते दोन टन ओढ तयार होते. बसवलेल्या वेळेपेक्षा तापमान वीस अंशांनी उतरलं, तर पस्तीस-चाळीस टन, आणि अजून गाडी आलेलीसुद्धा नाही! मग वेल्डमधला एखादा पोकळ ठिपका, किंवा फिशप्लेटच्या बोल्टसाठी पाडलेल्या भोकाची धारदार कड, एवढं पुरतं. म्हणून त्या भोकांच्या कडा मोडून गुळगुळीत करतात, चॅम्फर करतात. पाहा, रेल्वेसुद्धा कोपराच मोडते. २६ नोव्हेंबर १९९८ ला पंजाबात खन्नाजवळ रूळ तुटला, फ्रंटियर मेलचे डबे घसरले आणि जम्मूकडून येणारी सियालदा एक्सप्रेस त्यांच्यावर आदळली. दोनशेहून अधिक माणसं गेली. ऐन थंडीत पहाटे अंधारात बॅटरी घेऊन रूळ बघत मैलोन्‌मैल चालणारा जो ट्रॅकमन असतो, त्याच्याबद्दल खरं तर वेगळं भाषण करायला हवं.

आता जरा रागावून बोलतो, वयाचा मान ठेवून ऐकून घ्या. ड्रॉइंगवर रेडियस दोन लिहिलेला असतो. टूलला इन्सर्ट शून्य पॉइंट चारचा लावलेला असतो. बदलायला दोन मिनिटं लागतात म्हणून जो कोपरा इन्सर्टने दिला तो तसाच पुढे जातो. मापात बसतो, इन्स्पेक्शनमध्ये पास होतो, कारण व्हर्नियरला कोपरा दिसत नाही. दुसरं, पार्टवर नंबर ठोकता तो नेमका जिथे सगळ्यात जास्त ताण येतो तिथे का ठोकता? तिसरं, वेल्डर रॉड पेटतोय का बघायला जॉबवरच ठिणगी मारतो. त्या टिचभर जागेत पोलाद क्षणात तापतं, क्षणात गार होतं, आणि आपण न सांगता त्याला पाणी दिल्यासारखं होतं. तिथे कडक, ठिसूळ ठिपका राहतो. वेगळा तुकडा ठेवा ना ठिणगी मारायला!

आणि मोडलेले तुकडे माझ्यासारख्याकडे आणण्याआधी एकमेकांवर घासून ‘बसतात का’ बघू नका. हात जोडून सांगतो. ठिसूळ तुटलेल्या पृष्ठावर बाणाच्या टोकासारख्या रेघा असतात आणि त्या सगळ्या जिथून चीर निघाली त्या जागेकडे बोट दाखवतात. तुम्ही घासलं की साक्षीदाराची जीभ कापली. तुकडे कोरड्या कागदात वेगवेगळे गुंडाळा, बस्स.

तडा आधीच दिसला असेल आणि पार्ट लगेच बदलणं शक्य नसेल, तर त्याच्या टोकाला ड्रिलने भोक पाडतात, हे जुने फिटर जाणतात. तेही गोलाई देणंच झालं. पण टोक नेमकं सापडलं पाहिजे. नुसत्या डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे ते गेलेलं असतं, आधी डाय पेनिट्रंट, म्हणजे चीर दाखवणारा रंग, मारून बघा, आणि हा उपाय तात्पुरता आहे हे…

दोनच मिनिटं राहिली म्हणतात. प्लेटिंगचं तर अजून काढलंच नाही. बारा पॉइंट नऊ ग्रेडचे ॲलन बोल्ट झिंक करायला देता ना, तिथे ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. बोल्ट आवळताना काही होत नाही. चार तासांनी, कधी चार दिवसांनी, कोणी हात न लावता डोकं उडतं. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंडच्या नव्या पुलावर मार्च २०१३ मध्ये शहाण्णव जाड रॉडपैकी बत्तीस असेच आवळल्यावर काही दिवसांत तुटले. तिथे झिंक गरम रसात बुडवून चढवलेलं होतं, कारण मात्र हायड्रोजनच. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत साधारण दोनशे अंशांच्या भट्टीत काही तास ठेवलं, तर हायड्रोजन निघून जातो. किती तास ते बोल्टच्या कडकपणावर आणि जाडीवर… ते पुढच्या वेळी, बोलावलंत तर. उद्या ज्यांचा माल प्लेटिंगला जाणार आहे त्यांनी प्लेटरला एवढंच विचारा: टाकीतून काढला कधी, आणि भट्टीत घातला कधी? आणि माल पाठवण्याआधी बोल्टच्या डोक्याखालच्या कोपऱ्यावरून नख फिरवा.