पाठ्यक्रमाच्या घडणीत शिक्षकाचा वाटा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



आपल्या मंडळींत शिक्षकी पेशा पत्करलेले थोडे नाहीत. आणि मुलांच्या शिक्षणाची चिंता तर घरोघरी आहे.

विज्ञानाचा पाठ्यक्रम आखावा कोणी? रूढ उत्तर असे की, तज्ज्ञांनी तो आखावा आणि शिक्षकाने वर्गात पोहोचता करावा. म्हणजे शिक्षक हा केवळ टपालवाला! या समजुतीला छेद देणारा एक प्रयोग मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, आजच्या नर्मदापुरम् जिल्ह्यात, झाला. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ ग्रामीण शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञानशिक्षणाचा नवा कार्यक्रम आरंभिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात पसरला आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा वाहिली.

या कार्यक्रमाचे मर्म शिक्षकाच्या स्थानात होते. मुलांनी गटागटाने जे प्रयोग करावयाचे, ते उन्हाळी शिबिरात शिक्षक आधी स्वतः करीत. निष्कर्ष जुळले नाहीत, तर का जुळले नाहीत यावर शास्त्रज्ञांशी वाद घालीत. पुढे मासिक बैठकांत वर्गातील अनुभव मांडले जात : अमुक प्रयोग फसला, तमुक प्रश्न मुलांना उमगला नाही. ‘बालवैज्ञानिक’ या पुस्तकांची आवृत्ती सुधारताना हे अनुभव विचारात घेतले जात. साहित्यही भोवतालचेच, फुलाचे भाग सुटे करण्यास सुईऐवजी बाभळीचा काटा चाले. पुण्याच्या टेल्कोतील तरुण अभियंता अरविंद गुप्ता १९७८ साली याच कार्यात रमले, आणि पुढे त्यांची टाकाऊतून केलेली वैज्ञानिक खेळणी महाराष्ट्रात घरोघरी ओळखीची झाली.

यातून शिक्षकाला काय लाभले? प्रशिक्षणवर्गात ऐकलेले बहुधा वहीतच राहते. परंतु एखादा धडा आपण का ठेवला, कोठे बदलला, हे ज्याला सांगता येते, त्याला तो विषय नव्याने समजलेला असतो. विद्यार्थ्याचा अवघड प्रश्न मग त्याला संकट वाटत नाही. ‘मला ठाऊक नाही, आपण पडताळून पाहू’ असे म्हणण्याचे धैर्य त्याच्या अंगी येते. आणि विज्ञानाचा पहिला संस्कार तोच होय.

हा मार्ग सोपा नाही. त्याला वेळ हवा, प्रवासखर्च हवा, मुख्याध्यापकांचा पाठिंबा हवा आणि पालकांचा धीर हवा. २००२ साली शासनाने हा कार्यक्रम शाळांतून बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबू शकते, हे आपण विसरता कामा नये. जो उपक्रम समाजाला आपला वाटत नाही, त्याच्या रक्षणास कोणी धावत नाही.

म्हणून आमची मंडळाला नम्र विनंती आहे. गावातील विज्ञानशिक्षकांना, ते कोणत्याही भाषेचे असोत, महिन्यातून एकदा आपले सभागृह विनामूल्य द्यावे. त्यांनी तेथे प्रयोग करावेत, धडे तपासावेत, नवे लिहावेत. आणि आपण पालकांनी घरी मुलांना केवळ गुण विचारू नयेत. आज कोणता प्रश्न विचारलास, हेही विचारावे.