पर्जन्यमापकाची नोंदवही

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



२००५ सालच्या जुलै महिन्यात मुंबईवर जो पाऊस कोसळला, त्याचे दोन आकडे प्रत्येक शाळेच्या फळ्यावर एकदा तरी लिहिले जावेत अशा योग्यतेचे आहेत. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदला गेला तो ७३.४ मि.मी. दोन्ही वेधशाळा एकाच शहरातील. मधले अंतर सुमारे पंचवीस किलोमीटरांचे. त्या वेळी मुंबईत कुलाब्याचे एकच पर्जन्यमापक असते, तर 'त्या दिवशी मुंबईत बऱ्यापैकी पाऊस झाला' एवढेच कागदावर उरले असते, आणि उपनगरांत माणसे का बुडाली याचा उलगडा आकड्यांवरून कोणालाही झाला नसता. पुढे मुंबई महानगरपालिकेने शहराच्या निरनिराळ्या भागांत स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली, त्यामागे हाच अनुभव होता.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. लोकांच्या तोंडी तो पाऊस '२६ जुलैचा' आहे. वेधशाळेच्या वहीत मात्र तो २७ जुलैच्या तारखेखाली सापडतो. कारण भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आदल्या दिवशीच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जे पाणी पडले, ते आजच्या तारखेस लिहावयाचे, असा नियम आहे. नियम विचित्र वाटला तरी सोयीचा आहे. मध्यरात्री उठून कंदील घेऊन पर्जन्यमापकाकडे जाणारा मनुष्य वर्षानुवर्षे मिळणे कठीण. परंतु हा नियम ठाऊक नसलेल्या वाचकाच्या हाती वही पडली, तर तो सगळाच पाऊस एक दिवस पुढे ढकलील. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिलेला असणे अवश्य आहे.

पाऊस मोजण्याची कल्पना या देशाला परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर रुंदीच्या तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे, आणि निरनिराळ्या प्रदेशांत किती द्रोण पाऊस पडतो याची यादीही दिली आहे. त्या यादीत अपरान्ताला, म्हणजे कोकणाला, आकडाच दिलेला नाही. तेथील पाऊस अपरिमित मानला आहे. कोकणच्या शिक्षकांना यात नवल वाटू नये. कोरियात १४४१ च्या सुमारास सेजोंग राजाच्या कारकीर्दीत एकाच घडणीची पर्जन्यमापके करवून ती प्रांतोप्रांती धाडण्यात आली. कुंड एक असले तर एका जागेचा पाऊस कळतो. सारख्या मापाची कुंडे ठिकठिकाणी ठेवली तरच देशाचा पाऊस कळतो. जाळे म्हणतात ते हेच.

अर्वाचीन काळात या कामाला शिस्त लावणारा पुरुष म्हणजे इंग्लंडातील जॉर्ज जेम्स सिमन्स. १८६० साली त्याने १६८ ठिकाणांच्या नोंदी गोळा करून छापल्या. १९०० साली तो वारला तेव्हा त्याच्या यादीत तीन हजारांहून अधिक ठिकाणे होती. ही माणसे पगारी नव्हती. निरनिराळ्या व्यवसायांतील साध्या लोकांनी रोज सकाळी अंगणात जाऊन, मापून, लिहून, वर्षअखेर तो कागद टपालाने पाठविला, आणि त्यांतून एका देशाचे पर्जन्यमान सिद्ध झाले. त्याच सिमन्सच्या नावाचे पर्जन्यमापक पुढे भारतभर मामलेदार कचेरीच्या आवारात उभे राहिले.

भारतात हे काम सरकारने हाती घेतले ते संकटांच्या धक्क्याने. १८६४ साली कलकत्त्यावर मोठे चक्रीवादळ आले. १८६६ आणि १८७१ या वर्षी पावसाने दगा दिला. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. खात्याचे मुख्यालय पुढे सिमल्यास होते. तेथून १९२८ साली ते पुण्यास आले. आज मुख्यालय दिल्लीस आहे, तरी पुण्यातील ती इमारत, तो चौक अजून 'सिमला ऑफिस' या नावानेच ओळखला जातो. देशभरच्या हवामानाच्या जुन्या नोंदींचे जतन आजही पुण्यासच होते.

नोंदींची परंपरा किती जपावी लागते याचे एक सुंदर उदाहरण कुलाब्याचे आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून हवामानाबरोबर पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही निरीक्षणे होत असत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, आणि त्यांच्या विद्युत्प्रवाहाने चुंबकीय उपकरणे बिघडणार हे उघड झाले. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ती उपकरणे खाडीपलीकडे अलिबागेस नेली. परंतु एका दिवशी कुलाबा बंद आणि दुसऱ्या दिवशी अलिबाग सुरू, असे त्यांनी केले नाही. १९०४ ते १९०६ अशी सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालली, म्हणजे जुन्या आणि नव्या जागेतील फरक किती, हे कळून दोन्ही नोंदी एकमेकींस जोडता आल्या. शाळेचे पर्जन्यमापक नव्या इमारतीमुळे दहा पावले सरकविले तरी तारीख घालून ती गोष्ट वहीत लिहिली पाहिजे, हे यावरून ध्यानात येईल.

दहा पावलांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. सातारा जिल्ह्यातील शिक्षकांस हा प्रश्न पडणार नाही. महाबळेश्वरास वर्षाला सहा हजार मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो; तेथून वीस किलोमीटरांच्या आत असलेल्या पाचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका; आणि घाट उतरून वाईस आले की तो हजाराच्याही खाली जातो. त्याच जिल्ह्यात पूर्वेस माण तालुका आहे, जेथे पाचशेच्या आसपास पाऊस म्हणजे बरे वर्ष. या सर्वांची सरासरी काढून 'जिल्ह्याचा पाऊस' म्हणून जो आकडा छापला जातो, तेवढा पाऊस जिल्ह्यातील फारच थोड्या गावांनी प्रत्यक्षात पाहिलेला असतो. जाळे दाट का असावे, याचे याहून सोपे उत्तर नाही. मात्र इमारतीची भिंत, झाडाची फांदी किंवा वाऱ्याचा झोत यांनी जो फरक पडतो, तो निसर्गाचा नसून मांडणीच्या चुकीचा असतो. पर्जन्यमापक उघड्यावर असावे. जवळच्या वस्तूची जेवढी उंची, तिच्या निदान दुप्पट अंतरावर असावे. आणि त्याची कड समपातळीत असावी. सिमन्सच्या पर्जन्यमापकाचे तोंड १२७ मि.मी. व्यासाचे असून त्याची कड जमिनीपासून सुमारे ३० सें.मी. उंच राहील अशा बेताने ते पक्के बसवितात.

अलीकडे काचतंतूच्या प्लास्टिकची पर्जन्यमापके आली आहेत. त्यांतील एका प्रकाराच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौ.सें.मी. असते. येथे एक धोका आहे. मोजण्याच्या काचपात्रावरील रेघा ज्या त्या तोंडाच्या मापाने आखलेल्या असतात. जुने काचपात्र घेऊन नव्या पर्जन्यमापकाचे पाणी मोजले, तर पाऊस दीडपटीहून अधिक भरेल, आणि मोजणाऱ्याचा हात कितीही प्रामाणिक असला तरी वही खोटी होईल. जुन्या वह्यांत इंच आणि सेंट आहेत, सेंट म्हणजे इंचाचा शतांश. एक इंच म्हणजे २५.४ मि.मी. हेही विसरून चालत नाही.

२०१७ पासून महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पाखाली महसूल मंडळाच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली; त्यांची संख्या दोन हजारांवर आहे. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांच्या नोंदी ही केंद्रे माणसाच्या मदतीवाचून पाठवितात. पूर्वी तालुक्यास एक आकडा मिळत असे, आता मंडळास मिळतो. ही मोठीच प्रगती होय. परंतु यंत्रालाही डोळे नसतात. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, कोळ्याने जाळे विणले, तर आतील लहानसे डोलपात्र हलत नाही, आणि धो धो पावसातही यंत्र निर्विकारपणे शून्य पाठवीत राहते. ते शून्य खरे की खोटे, हे शेजारच्या केंद्राशी ताडून आणि गावात कोणीतरी मोजले असेल तर त्याच्याशी ताडूनच समजते.

या आकड्यांवर काय अवलंबून आहे, हे शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलास सांगावे लागत नाही. मंडळात चोवीस तासांत ६५ मि.मी.हून अधिक पाऊस झाला म्हणजे ती अतिवृष्टी, असे शासनाने मानले आहे, आणि पिकांच्या नुकसानीच्या मदतीचा विचार होताना हा आकडा पुढे येतो. द्राक्ष, डाळिंब, आंबा, काजू यांच्या हवामानाधारित विम्यातही केंद्राची नोंदच निर्णायक असते. शाळेच्या पर्जन्यमापकाला यांत शासकीय मान्यता नाही, आणि तशी आशा कोणी कोणास लावूही नये. तथापि मंडळाचे केंद्र एका गावी, पाऊस कोसळला दुसऱ्या गावी, असे वारंवार घडते. आणि 'आमच्याकडे फार झाला' या बोलण्यापेक्षा दहा वर्षे अखंड ठेवलेली वही अधिक बोलते, हेही तितकेच खरे.

आता ती वही अखंड आणि खरी कशी राहावी, हा प्रश्न. एक कल्पित प्रसंग घ्यावा. रविवारी शाळेस सुट्टी. सोमवारी सकाळी साडेआठला पाचवीतील दोन मुलांनी पर्जन्यमापक उघडले. काचपात्राने तीन वेळा मोजले, बेरीज आली ६९ मि.मी. मुलांनी उत्साहाने सोमवारच्या रकान्यात ६९ लिहिले आणि रविवारच्या रकान्यात शून्य. दोन्ही नोंदी चुकल्या. ते पाणी शनिवारच्या सकाळपासूनचे आहे; कदाचित ३८ एका दिवसाचे आणि ३१ दुसऱ्या दिवसाचे. वहीत मात्र एक दिवस कोरडा आणि एक अतिवृष्टीचा निर्माण झाला, आणि हे दोन्ही दिवस त्या गावाने कधी पाहिलेच नाहीत. खरी नोंद अशी: रविवारी आडवी रेघ, सोमवारी ६९ आणि त्यापुढे 'दोन दिवसांचे एकत्र' हे तीन शब्द.

शून्य आणि रेघ यांतील हा भेद सर्व पर्जन्यमापनाचा कणा आहे. शून्य म्हणजे मनुष्य गेला, त्याने पाहिले, आणि पाणी नव्हते. रेघ म्हणजे कोणी गेले नाही. पहिले निसर्गाविषयीचे विधान आहे, दुसरे माणसाविषयीचे. वर्षाची बेरीज करणारा मनुष्य शून्यावर विश्वास ठेवतो; रेघ दिसली की सावध होतो. मुलांना रेघ ओढण्याची लाज वाटते, कारण ती हजेरीपटावरील गैरहजेरीसारखी दिसते. ती लाज शिक्षकाने काढून टाकली, तर पर्जन्यमापक शाळेत आल्याचे निम्मे सार्थक झाले. काचपात्रात एक दशांश मि.मी.इतकेही पाणी भरले नाही, पण नरसाळे ओले आहे, तर 'नाममात्र' असे लिहावे. तेही शून्य नव्हे.

पर्जन्यमापक विकत आणणे प्रत्येक शाळेस जमेलच असे नाही. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा कोणताही पत्र्याचा डबा आणि एक मोजपट्टी यांवर आरंभ करता येतो. डबा रुंद की अरुंद याने फरक पडत नाही, ही गोष्ट मुलांना पटत नाही. मोठ्या डब्यात अधिक पाऊस साचेल असे त्यांना वाटते. दोन निरनिराळ्या रुंदीचे डबे शेजारी ठेवावेत आणि दोहोंतील पाण्याची उंची मुलांनीच मोजावी. त्या दिवसापासून क्षेत्रफळ आणि घनफळ यांतील फरक शिकवावा लागत नाही. मग हिशेब आपोआप सुचतात. एक चौरस मीटर जागेवर एक मि.मी. पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटरांचे असेल, तर दहा मि.मी.च्या एका सरीत हजार लिटर पाणी पन्हळीतून वाहून गेले. एक हेक्टर शेतावर एक मि.मी. म्हणजे दहा हजार लिटर, एका टँकरभर. उन्हाळ्यात टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या राहणाऱ्या गावातील मुले हा आकडा विसरत नाहीत.

वहीत तारीख, वेळ, मि.मी. आणि मोजणाऱ्याचे नाव, एवढे रकाने पुरेत. वाटल्यास नक्षत्राचा एक रकाना जादा आखावा. घरी आजोबा मृग, आर्द्रा, पुनर्वसू या भाषेत पाऊस बोलतात आणि शाळेत तो तारखेने लिहिला जातो. दोन्ही एका ओळीत आले म्हणजे 'यंदा हस्ताने ओढ दिली' हे आजोबांचे म्हणणे मुलास वहीशी ताडून पाहता येते. कधी आजोबा बरोबर निघतील, कधी वही.

राहिला सुट्ट्यांचा प्रश्न. मृग नक्षत्र लागते ते ७-८ जूनच्या सुमारास, आणि पुष्कळ ठिकाणी शाळा उघडते त्यानंतर. परतीचा पाऊस कधी कधी नेमका दिवाळीच्या सुट्टीत येतो. शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांची पाळी लावून त्यांच्याकडे काचपात्र आणि एक कोरा कागद द्यावा, पालकांस तसे सांगून ठेवावे, आणि शाळा उघडल्यावर तो कागद वहीत उतरवून मूळ कागदही मागे चिकटवावा. ज्या दिवशी मुलगा मामाच्या गावी गेला असेल, त्या दिवशी रेघ.