आठवड्याची भेट टिकली पाहिजे

(एका तालुक्याच्या गावातील रोटरी क्लबच्या साप्ताहिक सभेत केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



आपल्या सचिवांनी मला निमंत्रण दिले तेव्हा विषयाचे कोणतेही बंधन घातले नव्हते. वीस मिनिटे बोलावे आणि भोजनाला थांबावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. परंतु निरोप घेता घेता त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली. क्लबच्या सभा यापुढे आठवड्याला न घेता पंधरवड्याला घ्याव्यात असा एक प्रस्ताव आपल्यापुढे आहे आणि येत्या महिन्यात त्यावर निर्णय व्हायचा आहे. पत्रकाराच्या कानावर अशी गोष्ट पडली की त्याला दुसरा विषय सुचत नाही. मी आपला सभासद नाही, मला मताचा अधिकार नाही. त्यामुळे थोडे मोकळेपणाने बोलण्याची सोय आपोआपच झाली आहे.

प्रस्ताव नियमबाह्य नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पूर्वी रोटरीत साप्ताहिक सभा आणि उपस्थिती यांबाबत फार काटेकोरपणा होता. स्वतःच्या क्लबची सभा चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबमध्ये जाऊन ‘मेकअप’ करावा लागे. कामानिमित्त मुंबईला गेलेले येथील व्यापारी तेथील सभेला बसून आल्याचे मी पाहिले आहे. 2016 मध्ये रोटरीच्या नियम ठरविणाऱ्या परिषदेने ही बंधने सैल केली. महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालतील, अशी मुभा क्लबांना मिळाली. तेव्हा प्रश्न मुभा आहे की नाही हा नसून ती आपण घ्यावी की न घ्यावी, हा आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ती घेऊ नये.

असे म्हणण्याचे कारण या संस्थेच्या जन्मकथेतच आहे. पॉल हॅरिस हा खेड्यात वाढलेला तरुण वकील शिकागोसारख्या अफाट शहरात आला. व्यवसाय चालू लागला, ओळखी झाल्या. मित्र मात्र मिळेना. 23 फेब्रुवारी 1905 रोजी त्याने तिघांना एकत्र आणले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक. अभियंत्याच्या कचेरीत पहिली बैठक झाली. पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होऊ लागल्या आणि त्या फिरतीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. लक्षात घ्या, त्या दिवशी कोणी सेवाकार्याचा संकल्प सोडला नव्हता. माणसे एकमेकांना भेटू लागली, प्रत्येक व्यवसायाचा एकेक प्रतिनिधी घ्यावा असे ठरले आणि भेटता भेटता त्यांना शहराची दुःखे दिसू लागली. शिकागोच्या क्लबने 1907 मध्ये हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम कोणते होते? नगरसभागृहाजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह! त्यालाही विरोध झाला. मद्यविक्रेत्यांच्या बाजूने सांगण्यात आले की आमच्या गुत्त्यांतून ही सोय आहेच, आणि मोठ्या दुकानदारांनी सांगितले की महिलांसाठी ती आमच्या दुकानांत आहे. गिऱ्हाईक तुटेल ही खरी भीती. शौचालय बांधायला निघालेल्यांना विरोध करणारे लोक आपल्याकडेच असतात अशी माझी समजूत होती, ती हे वाचल्यावर दूर झाली.

सांगायचा मुद्दा असा की भेट आधी आली आणि सेवा मागाहून आली.

आता आपल्याकडे पाहू. रोटरी 1919 मध्ये कलकत्त्याला आली, मुंबईत 1929 मध्ये. प्रारंभी तिच्यावर साहेबी छाप होती, हे खरे. माझ्या परिचयाचे काही जुने कार्यकर्ते आजही ‘टायवाल्यांची संस्था’ असा तिचा उल्लेख करतात. परंतु 1962-63 मध्ये नितीश लाहरी हे त्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले आणि आपल्या शेजारच्या गुजरातमधील वापीचे कल्याण बॅनर्जी 2011-12 मध्ये त्याच पदावर बसले. कोणतीही चांगली पद्धत कोठून आली यापेक्षा ती आपल्या मातीत रुजते की नाही हे पाहावे. आणि नियमाने भेटण्याची पद्धत आपल्याला परकी नाहीच. पंधरा दिवसांनी येणारी एकादशी, गुरुवारचे भजन, भिशीची बैठक, आळंदीची वारी या सर्वांत वेळ ठरलेली आहे आणि ‘यंदा सवड नाही’ ही सबब तेथे चालत नाही.

ज्या विचारपरिवारात मी वाढलो, त्यातील उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. संघाची स्थापना 1925 च्या विजयादशमीला झाली हे सर्वांना माहीत आहे. पण नागपूरच्या मोहिते वाड्यात नित्य शाखा भरू लागली ती 1926 मध्ये. आरंभीचे महिने संघ होता, पण नित्य शाखा नव्हती. डॉक्टर हेडगेवारांनी आठवड्याच्या एकत्रीकरणावर समाधान मानले नाही. रोजचा एक तास मागितला. तासाभरात घडते तरी काय? थोडे खेळ, थोडी कवायत, एखादे गीत, प्रार्थना. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटे. मात्र 1972 च्या दुष्काळात जनकल्याण समिती उभी राहिली तेव्हा, किंवा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला तेव्हा, कार्यकर्ते शोधण्यासाठी जाहिरात द्यावी लागली नाही. कोण कोठे राहतो, कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोणाला रात्री उठवले तर तो कुरकुर करणार नाही, हे सर्व आधीपासून ठाऊक होते. ते ठाऊक होते ते रोजच्या भेटीमुळे.

किल्लारीला मी त्यानंतर काही दिवसांनी गेलो होतो, नवशिक्या वार्ताहर म्हणून. ढिगाऱ्याशी काम करणारी माणसे फारशी बोलत नव्हती. एकाने हात पुढे केला की दुसरा त्याच्या हाती पहार देत होता. ही न बोलता समजण्याची सवय आणीबाणीच्या दिवशी तयार होत नाही.

आता आपल्या प्रस्तावामागची कारणे. ती मला अगदी खोटी वाटत नाहीत. डॉक्टर मंडळींना संध्याकाळी दवाखाना सोडता येत नाही. तरुण सभासदांच्या घरी दोघेही नोकरी करतात. शिवाय ‘सगळे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, मग भेटायचे कशाला?’ असा एक युक्तिवाद आहे. निरोप जातात हे खरे; पण निरोप आणि विचारपूस यांत फरक आहे. वाढदिवसाला चाळीस पुष्पगुच्छांची चित्रे येतात, पण गेले तीन गुरुवार अमुक दिसला नाही, त्याच्या घरी काही अडचण तर नाही ना, हे रिकाम्या खुर्चीवरूनच कळते.

माझ्या मते खरे कारण वेगळे आहे आणि ते कोणी मोठ्याने बोलत नाही. ते म्हणजे भोजनाचा खर्च. हॉटेलातील सभागृह, चार पदार्थ, गोड, वर वार्षिक वर्गणी. एखाद्या शाळेतील शिक्षकाला, नव्याने दुकान टाकलेल्या मुलाला किंवा दोन खोल्यांत दवाखाना चालविणाऱ्या वैद्याला हे दर आठवड्याला झेपत नाही. तो तोंडाने ‘वेळ नाही’ म्हणतो. तसे असेल तर सभा कशाला तोडता? जेवण तोडा! नगरपालिकेच्या शाळेचा वर्ग मागून घ्या, चहा आणि पोहे ठेवा, सतरंजीवर बसा. महिन्यातून एकदा सहकुटुंब भोजन करा, त्याची गोडीही वाढेल. (सचिव महोदय, आजचे जेवण मात्र रद्द करू नका. मी घरी सांगून आलो आहे.)

दुसरी गोष्ट जरा बोचरी आहे, पण पाहुण्याला एकदाच बोलायचे असते.

तीस वर्षे मी सेवासंस्थांच्या बातम्या छापत आलो आहे. एका वहीसंचाला आठ हात लागलेले आणि मध्ये एक बावरलेले मूल, असे छायाचित्र मी किती वेळा छापले असेल याची गणतीच नाही. त्यात माझाही दोष आहे, कारण ते छापणारा मीच. काही वर्षांपूर्वी अशाच एका बातमीचा मागोवा घेण्यासाठी मी परिसरातील एका खेड्यातल्या शाळेत गेलो. तेथे एका संस्थेने जलशुद्धीकरण यंत्र बसविले होते. ती संस्था कोणती हे सांगण्याची आवश्यकता नाही. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लखलखीत होती. यंत्र बंद होते. आतील गाळणी बदलायला हवी होती आणि ती कोणी बदलायची हे कोणालाच माहीत नव्हते. मुले पूर्वीप्रमाणे हातपंपावरच पाणी पीत होती. मुख्याध्यापक संकोचाने म्हणाले, ‘तेव्हाचे अध्यक्ष आता नाहीत ना, साहेब.’

हे का होते? रोटरीचे वर्ष 1 जुलैला सुरू होते आणि दरवर्षी नवा अध्यक्ष येतो. पदाचा मोह कोणाला जडू नये, ही त्यामागची दृष्टी उत्तम आहे. पण प्रत्येक नव्या अध्यक्षाला स्वतःचा नवा प्रकल्प हवा असतो आणि गेल्या वर्षीचे काम पोरके होते. त्यात 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातील दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले. आता क्लबांकडे त्या मार्गानेही पैसा येऊ शकतो. पैसा येतो ते चांगलेच, परंतु पैसा वाढला आणि भेटी घटल्या तर देखभाल कोण करणार? पंधरा दिवसांनी भेटणाऱ्या मंडळींचा पहिला अर्धा तास मागील सभेचे काय झाले होते हे आठवण्यातच जाईल.

रोटरीनेच उलटे उदाहरणही घालून दिले आहे. पोलिओ निर्मूलनाचे काम तिने 1985 मध्ये जागतिक पातळीवर अंगावर घेतले. आपल्या देशात 1995 पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. मुख्य भार शासनाचा, आरोग्यसेविकांचा आणि अंगणवाडीताईंचा होता, हे विसरून चालणार नाही. पण बूथ उभारणे, रिक्षा फिरविणे, करंगळीला शाई लागलेली मुले मोजणे, उत्तर प्रदेशात अफवांमुळे दारे बंद झाली तेथे मौलवींना सोबत घेऊन ती उघडणे, यांत रोटरीचे लोक वर्षानुवर्षे राबले. 2009 मध्ये देशात 741 रुग्ण होते, 2010 मध्ये 42, आणि 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेली बालिका ही वन्य पोलिओची शेवटची रुग्ण. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. 1985 ते 2014, म्हणजे एकोणतीस वर्षे. प्रत्येक क्लबमध्ये साधारण एकोणतीस अध्यक्ष झाले आणि एकानेही ‘माझ्या वर्षात दुसरे काही घेऊ’ असे म्हटले नाही. दर आठवड्याला कोणीतरी उठून ‘येत्या रविवारी बूथवर कोण?’ असे विचारत राहिले. ज्यांनी पोलिओच्या बाबतीत हे केले, त्यांना एका शाळेतील गाळणी बदलणे अवघड का जावे?

माझ्या ओळखीचे एक रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे. चाकांची खुर्ची, वॉकर, उंच-खाली होणारी खाट, प्राणवायूच्या नळकांड्याचा सांगाडा, अशा वस्तू अनामत रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने दिल्या जातात. ते चालविणारे दोन निवृत्त गृहस्थ आहेत. एक बँकेतून, एक एस.टी.तून. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. वस्तू कधी गेली, कोणाकडे गेली, कधी परत यायची, परत आली तेव्हा चाक कुरकुरत होते काय, हे सर्व तिच्यात असते. दर सोमवारी दोघे वही उघडून बसतात आणि मुदत उलटलेल्या घरी फोन करतात. पुष्कळदा फोन करावा तर रुग्ण गेलेला असतो आणि घरच्यांना खुर्चीकडे पाहवत नसते. मग हे दोघे स्वतः जातात, थोडा वेळ बसतात, चहा घेतात आणि खुर्ची घेऊन येतात. त्याची बातमी कधी आमच्याकडे आलेली नाही.

म्हणून मतदानापूर्वी आपण एक प्रयोग करावा अशी माझी विनंती आहे. सभा चारही ठेवा. दोन येथे घ्या, पोह्यांवर. एक सभा मागील पाच वर्षांत केलेल्या एखाद्या कामाच्या जागी घ्या, मग ती शाळा असो, बसथांबा असो वा लावलेली झाडे असोत. तेथे जाऊन काय जिवंत आहे आणि काय मेले आहे ते वहीत लिहा. उरलेली एक सहकुटुंब. सहा महिने करून पाहा आणि मग प्रस्तावावर हात वर करा. त्या खेड्यातील शाळेचा पत्ता मी सचिवांकडे देऊन जात आहे. यंत्र आपले नाही, पण गाळणी बाजारात मिळते आणि त्या बाजूला जाणारी एस.टी. सकाळी साडेनऊला सुटते. आपल्यापैकी कोणी निघणार असेल तर मी बरोबर यायला तयार आहे.